पाटी आणि बंदूक : ओरोमो लोकांचा लढा



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना थोडे नवल वाटले असेल. वसंतातल्या या ज्ञानसत्रात संतवाङ्मय यावे, नाटक यावे, फार तर अर्थसंकल्प यावा. पण आफ्रिकेच्या डोंगराळ मुलुखातल्या ओरोमो लोकांचे आणि त्यांच्या सशस्त्र चळवळीचे येथे काय काम?

याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. खुलताबादेस मलिक अंबरची कबर आहे. त्याची जमाबंदी आपण शाळेत पाठ केली. त्याने वसवलेल्या खडकीचे आज मोठे शहर झाले आहे. भातवडीच्या रणात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. हा माणूस सुमारे १५४८ साली हबसाणात जन्मला आणि कोवळ्या वयात गुलाम म्हणून विकला गेला. तो ओरोमो होता असे काही इतिहासकार म्हणतात, तर काही त्याला शेजारच्या दुसऱ्या जमातीचा मानतात. तो वाद आपण विद्वानांकडे सोपवू. मला सांगायचे आहे ते इतकेच, की 'हबशी' या एका शब्दात आपण ज्यांना गुंडाळून टाकतो, त्यांच्या देशात ऐंशीहून अधिक लोकसमूह नांदतात. त्या देशाला आज आपण इथिओपिया म्हणतो, आणि तेथला सर्वांत मोठा समूह म्हणजे ओरोमो. २००७ च्या शिरगणतीत देशाच्या सुमारे सात कोटी सदतीस लाख वस्तीपैकी अडीच कोटींहून अधिक लोक ओरोमो भरले.

येथेच पहिला प्रश्न उभा राहतो. अल्पसंख्य समाज अन्यायाने गांजून बंड करतो, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. परंतु जो समाज देशात सर्वांत मोठा, ज्याच्या भूमीत राजधानी उभी, ज्याच्या शेतात देशाला परकी चलन मिळवून देणाऱ्या कॉफीचा मोठा वाटा पिकतो, त्या समाजातल्या तरुणांनी पन्नास वर्षे रानात जाऊन बंदूक का वाहावी?

हे समजण्यासाठी त्या लोकांची जुनी घडी थोडी पाहिली पाहिजे. ओरोमोंमध्ये 'गदा' नावाची संस्था आहे. आपल्या भीमाच्या गदेशी तिचा संबंध नाही. किंबहुना ही गदा सत्ता आवरण्यासाठी आहे. समाजातल्या पुरुषांचे पाच गट. प्रत्येक गटाकडे आठ वर्षे कारभार. आठ वर्षे संपली की कारभार पुढच्या गटाच्या हाती द्यायचा. असे चाळीस वर्षांनी चक्र पुरे होते. कारभाऱ्याला 'अब्बा गदा' म्हणतात. अब्बा म्हणजे बाप. आपल्या 'आबा'ला हा शब्द कानाने तरी जवळचा वाटतो. सभा भरते ती 'ओडा'च्या झाडाखाली. हे झाड आपल्या उंबराच्या जातीतले. स्त्रियांना या सभेत जागा नव्हती हा तिचा मोठा उणेपणा. पण लग्नात मुलीला मिळणारी 'सिंके' नावाची काठी हाती घेऊन बायका भांडणाऱ्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या, की पुरुषांनी हात आवरावा असा दंडक होता. २०१६ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात गदेची नोंद केली.

हे चित्र रंगवताना मी सत्ययुगाचे वर्णन करीत आहे असे समजू नका. सोळाव्या शतकात दक्षिणेकडून निघून उत्तरेच्या ख्रिस्ती राज्यात पसरलेले ओरोमो स्वतः लढवय्येच होते. पश्चिमेकडे पुढे त्यांच्यातच राजे झाले आणि गदा तेथे क्षीण झाली. मुद्दा एवढाच, की मुदत संपली म्हणजे खाली उतरायचे, ही गोष्ट या समाजाला परक्यांनी शिकवलेली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शोआच्या मेनेलिक राजाने दक्षिण पादाक्रांत केली. हाच मेनेलिक १८९६ साली अडुवाच्या रणात इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवतो आणि साऱ्या काळ्या जगाचा अभिमान होतो. त्या रणात ओरोमो घोडेस्वारही त्याच्या बाजूने लढले. परंतु एकाच राजाच्या एका हातात स्वातंत्र्याची तलवार आणि दुसऱ्या हातात जित प्रजेसाठी चाबूक असू शकतो, हे इतिहासाचे कडू सत्य आहे. अर्सीच्या ओरोमोंनी काही वर्षे झुंज दिली. शेवटी नव्या बंदुकांपुढे भाले टिकले नाहीत. ओरोमो ज्या जागेला फिनफिने म्हणत, तेथे १८८६ साली अडिस अबाबा ही राजधानी वसली.

जिंकलेल्या मुलुखात शिपायांना पगाराऐवजी जमीन आणि त्या जमिनीवरची कुळे मिळाली. या शिपायांना 'नेफ्तेन्या' म्हणत. नेफ्त म्हणजे बंदूक. कुळाला म्हणत 'गब्बार'. त्याने पिकाचा वाटा द्यायचा, धन्याचे शेत नांगरायचे, लाकूडफाटा वाहायचा, घर शाकारायचे. वेठबिगारी म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या खेड्याला उकलून सांगायला नको. भेद इतकाच, की येथे वेठ घेणाऱ्याची भाषा वेगळी होती, आणि कचेरीची भाषाही त्याचीच होती. आपल्याच गावच्या फिर्यादीसाठी ओरोमो शेतकऱ्याला दुभाषा शोधावा लागे. त्याला हाक मारली जाई ती 'गाला' या हिणवणाऱ्या नावाने.

म्हणजे प्रश्न दोन होते : एक जमिनीचा, दुसरा जिभेचा. दुसऱ्या प्रश्नाची पाटी कुणी प्रथम हाती घेतली, ते ऐकण्यासारखे आहे. ओनेसिमोस नेसिब हा लहानपणी पळवून विकलेला ओरोमो मुलगा. १८७० साली मसावा बंदरात त्याची सुटका झाली आणि स्वीडिश मिशनऱ्यांनी त्याला शिकवले. त्याने आस्तेर गान्नो या, त्याच्याप्रमाणेच गुलामीतून सुटलेल्या, ओरोमो स्त्रीच्या साहाय्याने आपल्या भाषेतले पहिले वाचनपुस्तक १८९४ साली छापले. १८९९ साली संपूर्ण बायबल ओरोमोत आले. पुढे १९५६ साली शेख बकरी सापालो या मुसलमान पंडिताने ओरोमो ध्वनींना साजेल अशी स्वतंत्र लिपीच तयार केली. एक ख्रिस्ती, एक मुसलमान. दोघांचे दैवत मातृभाषा. शेखसाहेबांच्या लिपीवर सरकारने बंदी घातली, त्यांना नजरकैदेत ठेवले, आणि १९८० साली सोमालियात निर्वासित म्हणून त्यांनी देह ठेवला. ज्या राज्याला बाराखडीची भीती वाटते, त्याने आपली दुर्बलता आपणच जाहीर केली असे समजावे.

आता आपण १९६३ सालाकडे येऊ. या एका वर्षात ओरोमोंच्या पुढे दोन वाटा फुटल्या. आग्नेयेकडच्या बाले प्रांतात जमिनीची मोजणी, वाढलेला सारा आणि अधिकाऱ्यांची जुलूमजबरदस्ती यांना विटून शेतकऱ्यांनी बंड केले. वाको गुतू त्यांचा पुढारी. शेजारच्या सोमालियाने बंदुका पुरवल्या. सात वर्षे हे बंड चालले आणि १९७० साली वाकोने शस्त्र खाली ठेवले.

त्याच वर्षी राजधानीत 'मेचा-तुलमा' नावाची एक मदत-संस्था रीतसर नोंदली गेली. तिच्या उद्दिष्टांत स्फोटक असे काही नव्हते : शाळा काढाव्यात, रस्ते करावेत, दवाखाने उघडावेत. आपल्याकडच्या शिक्षण मंडळांसारखीच ती संस्था. तीत ख्रिस्ती आले, मुसलमान आले, वकील आले, फौजी अंमलदार आले.

त्या अंमलदारांपैकी ताडेसे बिरू याची कथा मला या साऱ्या चळवळीची गुरुकिल्ली वाटते. हा सम्राट हैले सेलासीचा विश्वासू पोलीस अधिकारी. १९६० च्या डिसेंबरात सम्राटाविरुद्ध झालेला उठाव मोडण्यात त्याचा मोठा वाटा होता. १९६२ साली नेल्सन मंडेला लष्करी शिक्षण घेण्यासाठी इथिओपियात गेले, तेव्हा त्यांना युद्धशास्त्राचे धडे देणारा कर्नल हाच. त्याच्याविषयी अशी हकीकत सांगतात, की साक्षरताप्रसाराच्या कामात तो पुढे असताना खुद्द मुख्य प्रधानांनी त्याला बाजूला घेऊन बजावले : या लोकांना फार शिकवू नका, ते डोईजड होतील. ताडेसे स्वतः ओरोमो आहे हे प्रधानांना ठाऊक नव्हते! या संभाषणाने त्याचे डोळे उघडले आणि तो मेचा-तुलमात दाखल झाला, असे म्हणतात. संस्थेच्या सभांना खेड्यापाड्यांतून हजारो लोक लोटू लागले. १९६६ साली राजधानीतल्या एका चित्रपटगृहात बाँब उडाला. तो आळ संस्थेवर आला. पुढाऱ्यांची धरपकड झाली, छळ झाला, आणि १९६७ साली संस्था बंद करण्यात आली. ताडेसे बिरूला फाशीची शिक्षा झाली. ती पुढे जन्मठेपेवर आली.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबू. बंदूक घेतलेल्या वाको गुतूला सम्राटाने शेवटी माफी दिली. शाळा मागणाऱ्या संस्थेला मात्र कुलूप ठोकले. तरुणांनी यातून कोणता धडा घ्यावा अशी सम्राटाची अपेक्षा होती? १९७३ साली 'ओरोमो मुक्ती आघाडी' गुप्तपणे स्थापन झाली. तिच्या निशाणावर त्यांनी काढले ते सभेचे झाड, ओडा. पण हातात घेतली ती बंदूक.

पुढची अठरा वर्षे मी भराभर सांगतो. १९७४ साली सम्राट पदच्युत झाला आणि 'देर्ग' नावाच्या लष्करी मंडळाच्या हाती सत्ता गेली. ४ मार्च १९७५ रोजी या मंडळाने सर्व शेतजमीन सरकारजमा केली. कुटुंबाला दहा हेक्टरपर्यंत जमीन कसता येईल, खंड व वेठ बंद, असे फर्मान निघाले. गब्बार मोकळा झाला! चळवळीच्या दोन प्रश्नांपैकी एकाचे अर्धे उत्तर असे तिच्या वैऱ्याच्या हातून आले. आणि त्याच मार्च महिन्यात त्याच मंडळाने ताडेसे बिरूला गोळ्या घातल्या. देर्गने साक्षरतेचे वर्गही काढले, त्यांत ओरोमो भाषेला जागा दिली. पण लिपी अम्हारिकचीच ठेवली. नंतर त्याच राजवटीने शेतकऱ्यांना घरे मोडून सरकारी वस्त्यांत कोंबले आणि मुलांना रणात धाडले. तिकडे सोमालियाचे सरकार बालेच्या ओरोमोंना 'तुम्ही सोमालीच' म्हणून आपल्या युद्धात ओढीत होते. या कात्रीत सापडलेली आघाडी लहानच राहिली. देर्ग शेवटी कोसळला तो उत्तरेच्या तिग्रे आणि एरिट्रियन सेनांच्या रेट्याने, १९९१ च्या मे महिन्यात.

आता येते ते वर्ष, ज्यासाठी मी हा विषय निवडला. जुलै १९९१ मध्ये नवे राज्य उभारण्यासाठी परिषद भरली. ८७ जागांच्या प्रतिनिधिमंडळात ओरोमो आघाडीला १२ जागा मिळाल्या, मंत्रिमंडळात स्थान मिळाले. शिक्षणखाते तिच्या इब्सा गुतमांकडे आले. त्या नोव्हेंबरात अडिस अबाबात हजाराहून अधिक ओरोमो सुशिक्षित जमले आणि त्यांनी आपल्या भाषेसाठी रोमन लिपी निश्चित केली. तिला ते 'कुबे' म्हणतात. लगोलग क्रमिक पुस्तके निघाली. ज्या भाषेतून कचेरीत बोलायची चोरी होती, त्या भाषेतून शाळेत पोरे मोठ्याने पाठ म्हणू लागली. रानात घालवलेल्या अठरा वर्षांत आघाडीला जे साधले नव्हते, ते शिक्षणखात्यातल्या एका वर्षात साधले.

येथे एखादा म्हणेल, की रानातली अठरा वर्षे नसती तर ते खाते तरी मिळाले असते काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याला मी नकार देणार नाही. बंदुकीने दार ठोठावले हे खरे. पण दारातून आत गेल्यावर जे घडवले ते खडूने घडवले, हेही तितकेच खरे.

दुर्दैव असे, की वर्षभरात ते दार लागले. जून १९९२ च्या निवडणुका ठरल्या. त्याआधी आघाडीचे सैनिक समझोत्याप्रमाणे छावण्यांत गेले होते. आपल्या उमेदवारांना धाकदपटशा होतो, कचेऱ्या बंद केल्या जातात, अशी तक्रार करून आघाडीने निवडणुकीतून अंग काढले, सरकार सोडले; सैनिक छावण्यांतून बाहेर पडू लागले. सत्तेवरच्या तिग्रे-प्रणीत सैन्याने त्यांना घेरले. हजारो तुरुंगात गेले. पुढारी परदेशी गेले. पुढे एरिट्रियाची राजधानी अस्मारा हे त्यांचे ठाणे झाले. दोष कुणाचा किती, यावर दोन्ही पक्ष आजही भांडतात. परंतु 'छावणीत गेलो आणि तुरुंगात सापडलो' ही आठवण प्रत्येक ओरोमो सैनिकाच्या मनात कोरली गेली. पुढच्या साऱ्या अनर्थाचे बी त्या आठवणीत आहे.

१९९५ च्या राज्यघटनेने ओरोमिया नावाचा प्रांत दिला, फुटून निघण्याचा हक्कसुद्धा कागदावर दिला. व्यवहारात मात्र एकाच आघाडीचे राज्य चालले, आणि आघाडीशी संबंध असल्याच्या नुसत्या संशयावरून शिक्षक, विद्यार्थी, गायक तुरुंगात जाऊ लागले. २०११ साली संघटना दहशतवादी ठरली. एरिट्रियाच्या आश्रयाने तिच्या तुकड्या अधूनमधून चकमकी करीत. त्यांनी राज्य हलले नाही.

हलवले ते कुणी? कुबे लिपीत शिकून मोठ्या झालेल्या मुलांनी! २०१४ साली राजधानीची हद्द भोवतालच्या ओरोमो शेतांवर वाढवण्याचा आराखडा पुढे आला. पुन्हा तोच जमिनीचा प्रश्न. नोव्हेंबर २०१५ मध्ये गिंची या लहान गावातून निदर्शने सुरू झाली आणि वणव्यासारखी पसरली. या तरुणांना 'केरो' म्हणत. त्यांची खूण एकच : दोन्ही मनगटे डोक्यावर एकमेकांवर आडवी धरायची, जणू हात बांधले आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचे रौप्यपदक मिळवताना फेयिसा लिलेसा या ओरोमो धावपटूने अंतिम रेषेवर ही खूण केली आणि साऱ्या जगाने हा प्रश्न पाहिला. किंमत मोठी पडली. जून २०१६ पर्यंतच चारशेहून अधिक माणसे सरकारी गोळ्यांना बळी पडल्याचे मानवी हक्कांच्या अभ्यासकांनी नोंदले. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला बिशोफ्तूच्या तळ्याकाठी 'इरेचा' या कृतज्ञतेच्या सणात पोलिसांनी अश्रुधूर सोडला. चेंगराचेंगरीत सरकारी आकड्याप्रमाणे ५५ माणसे मेली, विरोधकांच्या मते कितीतरी अधिक. काही ठिकाणी निदर्शकांनीही जाळपोळ केली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तरी एकंदरीत चळवळ निःशस्त्रच होती. आराखडा रद्द झाला; फेब्रुवारी २०१८ मध्ये पंतप्रधानांनी राजीनामा दिला; एप्रिलमध्ये अबिय अहमद पंतप्रधान झाले. वडिलांकडून ते ओरोमो.

आघाडीवरची बंदी उठली, ऑगस्टमध्ये अस्मारात समझोता झाला, आणि १५ सप्टेंबर २०१८ रोजी तिचे अध्यक्ष दाऊद इब्सा राजधानीत परतले. लाखो लोक स्वागताला लोटले. कथा येथे संपायला हवी होती. पण त्या समझोत्याच्या अटी लोकांपुढे कधी आल्याच नाहीत. शस्त्रे कुणी, कुठे, केव्हा ठेवायची, हे दोन्ही बाजू वेगवेगळे सांगू लागल्या. सरकार म्हणे छावणीत या. आणि रानातल्या सैनिकाला छावणी म्हटले की १९९२ साल आठवे! २०१९ साली पश्चिमेकडची सेना आघाडीपासून फुटली. 'ओरोमो मुक्ती सेना' या नावाने ती आज लढते. तिचा सेनापती जाल मारो या नावाने ओळखला जातो. आता राज्य करणारा ओरोमो, बंड करणारा ओरोमो, आणि दोघांच्या मध्ये भरडला जाणारा शेतकरी पुष्कळदा तोही ओरोमोच.

नुसता तोच नव्हे. १८ जून २०२२ रोजी पश्चिम वोलेगातल्या टोले येथे शेकडो निरपराध माणसे मारली गेली. ती बहुतेक अम्हारा, दशकांपूर्वी तेथे येऊन स्थायिक झालेली. सरकारने व वाचलेल्या लोकांनी मुक्ती सेनेकडे बोट दाखवले. सेनेने ते नाकारले. दुसरीकडे सरकारी सैन्याच्या हातून झालेल्या हत्यांच्या आणि विनाचौकशी तुरुंगवासाच्या नोंदीही आहेत. २०२३ मध्ये टांझानियात दोनदा बोलणी झाली, दोन्ही फिसकटली. डिसेंबर २०२४ मध्ये सेनेतून फुटलेल्या एका गटाने प्रांतिक सरकारशी तह केला, पण मूळ सेना त्याबाहेर राहिली.

सभ्य गृहस्थहो, या साऱ्या इतिहासाचा मथितार्थ काय? अहिंसा श्रेष्ठ, असे या व्यासपीठावरून म्हणणे सोपे आहे. ज्याच्या शाळेला कुलूप पडले त्याला ते ऐकवणे अवघड आहे. म्हणून मी एवढेच म्हणतो : मेचा-तुलमाला ज्याने कुलूप लावले, त्याने आघाडीला जन्म दिला. १९९२ साली छावणीतल्या माणसाला ज्याने तुरुंगात घातले, त्याने २०१९ चे बंड पेरले. राज्याने मोडलेल्या एका शब्दाचे व्याज दोन पिढ्या रक्ताने फेडतात. आणि बंड करणाऱ्यांनीही आपली जमाखर्चाची वही उघडून पाहावी. जमेला जे आहे – लिपी, पुस्तके, शाळा, तीन वर्षे हात डोक्यावर बांधून उभी राहिलेली मुले – त्यातले बहुतेक पाटीने कमावलेले आहे. टोलेसारखी पाने खर्चाच्या बाजूला आहेत, आणि ती कोणत्याही निशाणाने झाकली जात नाहीत.

ओरोमोंनी आपल्या निशाणावर झाड काढले, ते उगीच नव्हे. त्या झाडाखाली बसून, मुदत संपली की उतरायचे, भांडण पेटले की काठी आडवी धरणाऱ्या बाईचा मान राखायचा, हे त्यांच्या वाडवडिलांनी ठरवले होते. दिलेल्या शब्दाला जामीन राहील असा कुणी तरी मध्यस्थ त्या झाडाखाली पुन्हा उभा राहणे, यावर त्या देशाची शांतता अवलंबून आहे. मलिक अंबराच्या कबरीवर फुले वाहणाऱ्या महाराष्ट्राने त्याच्या मायभूमीच्या या दुःखाची निदान ओळख ठेवावी, एवढ्याच हेतूने मी आपला वेळ घेतला.